शाळेला क्लार्क कशाला हवा?

शनिवार आहे, या वीकेंडला डिप्लॉयमेंट नाही, तेव्हा आज जरा भांडून घेतो.

भांडण एका वाक्याशी आहे. "आता सगळं ऑनलाइन झालंय, मग शाळेला क्लार्क कशाला हवा?" हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि सरकारी धोरणात तर वाक्य न उच्चारता त्याची अंमलबजावणीच चालू आहे. गंमत म्हणजे हे म्हणणाऱ्यांत आपण आयटीवाले सगळ्यात पुढे. कॉम्प्युटर आला की कारकून गेला, इतकं सोपं गणित. बँकेत नाही का झालं तसं?

नाही, तसं झालेलं नाही. शाळेत तर अजिबातच नाही. आणि "कारकून गेला" याचा खरा अर्थ "ते काम आता गणिताच्या बाई करतात" असा आहे, हे मला आज सांगायचंय.

आधी एक छोटा प्रयोग करा. कपाटातून तुमचा पासपोर्ट काढा. त्यावर तुमचं नाव ज्या स्पेलिंगने छापलंय ते कुठून आलं? आपल्यापैकी बहुतेकांचं दहावीच्या सर्टिफिकेटवरून. सर्टिफिकेटवर कुठून आलं? बोर्डाच्या परीक्षेच्या फॉर्मवरून. फॉर्मवर? शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. आणि त्या रजिस्टरमध्ये ते कोणी लिहिलं? जून महिन्यात, ओल्या छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या पालकांच्या रांगेसमोर बसून, एका क्लार्कने. त्याने किंवा तिने तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात असं सगळं एका ओळीत लिहिलं, आणि त्या ओळीवर आज तुमचा व्हिसा उभा आहे.

माझ्या टीममधल्या एका मुलाच्या आईच्या नावात असंच एक अक्षर चुकलं होतं. चूक शाळेत झाली, उघडकीस आली ती तो ऑनसाइटला निघाला तेव्हा. मग शाळेत खेटे, तिथून शिक्षणाधिकारी कार्यालय (रजिस्टरमधली नोंद बदलायची तर त्यांची परवानगी लागते), मग बोर्ड. त्या वर्षी शाळेत क्लार्कची जागा रिकामी होती आणि फॉर्म भरायचं काम चित्रकलेच्या सरांकडे होतं. सरांची यात काय चूक? त्यांना ते काम कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

हे झालं आपल्यासारख्या खात्यापित्या घरच्यांचं. ज्यांच्याकडे जमिनीचा कागद नाही, जन्माचा दाखला नाही, त्यांच्यासाठी शाळेचं रजिस्टर हाच घराण्याचा एकमेव लेखी पुरावा असतो. जातपडताळणीच्या फाइलमध्ये काय मागतात ते एकदा बघा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत, आणि त्या तारखांच्या आधीचा पुरावा हवा असतो. आता १९६७ च्या आधीचा कुठला कागद एखाद्या शेतमजुराच्या घरात असणार? असलाच तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे पुन्हा ते रजिस्टर, आणि पुन्हा तो कोणे एके काळचा क्लार्क.

२०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्या राजकारणात मी पडत नाही, तुमचं जे मत असेल ते असो. पण त्या वेळी यंत्रणेने काय काय उघडलं ते आठवा. महसुली कागद होतेच, त्याबरोबर शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं. एका अख्ख्या राज्याचं राजकारण काही महिने त्या पिवळ्या पडलेल्या पानांभोवती फिरत होतं. ती पानं नीट राहिली कारण कोणीतरी त्यांना पुठ्ठा लावला, वाळवी लागू दिली नाही, कपाटाला कुलूप लावलं. ते काम सर्व्हरने केलेलं नाही.

आता हे सगळं करणाऱ्या माणसाचं सरकारने काय केलं ते बघू.

अनुदानित खासगी माध्यमिक शाळा म्हणजे इमारत संस्थेची आणि पगार सरकारचा, ही आपल्याकडची जुनी व्यवस्था. आपल्यातले कितीतरी जण अशाच शाळेतून आलेत. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांत शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचारीही आहेत. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई असे सगळे. शाळेला किती शिक्षकेतर माणसं द्यायची याचा जो नकाशा, त्याला सरकारी भाषेत 'आकृतिबंध' म्हणतात. शब्द काय सुंदर आहे! वाटतं नृत्याबद्दल काही चाललंय. प्रत्यक्षात हा आकृतिबंध वर्षानुवर्षं समित्या, शिफारशी, स्थगिती, पुन्हा समिती असा फिरत राहिला. चिपळूणकर समितीचं नाव शिक्षकेतर संघटना अजूनही घेतात, यावरून काय ते समजा.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. बोगस पट सापडले, आणि ते सापडायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर मे २०१२ मध्ये आदेश आला की अतिरिक्त ठरलेल्या लोकांचं समायोजन होईपर्यंत नवीन भरती नको. कागदावर ठीक. प्रत्यक्षात काय झालं? शाळेतला क्लार्क निवृत्त झाला, हार-नारळ झाला, आणि त्याची खुर्ची रिकामीच राहिली. भरतीचं दार पुढे कधी किलकिलं झालं, कधी पुन्हा लागलं. जानेवारी २०१९ मध्ये अखेर सुधारित आकृतिबंध आला. त्यात पदं विद्यार्थिसंख्येच्या टप्प्यांवर ठरवलेली. पण मंजूर पद आणि भरलेलं पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा.

मग डिसेंबर २०२० आला. आपण सगळे घरी बसून वर्क फ्रॉम होम करत होतो, तेव्हा एक शासन निर्णय निघाला. शिपायाचं पद रिकामं झालं की ते पद व्यपगत, म्हणजे कायमचं गेलं. त्याऐवजी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता'. मुंबई-पुण्यात महिन्याला १० हजार, इतर महापालिकांच्या हद्दीत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार रुपये. महिन्याला ५ हजारांत जो माणूस मिळेल त्याने घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, टपाल तालुक्याला पोचवायचं आणि रात्री शाळेवर लक्षही ठेवायचं. पुण्यात आपल्या सोसायटीत गाडी धुणाऱ्याला, चार घरं मिळून, यापेक्षा जास्त देतो आपण.

शिपाई गेला की त्याचं काम क्लार्ककडे येतं. क्लार्क गेला की शिक्षकाकडे. शिक्षक गेला की... शिक्षक गेला की शाळाच जाते, पण त्याकडे नंतर येतो.

आता आपल्या लाडक्या 'ऑनलाइन'कडे वळू. शाळांचे कागद संगणकावर यायला लागले त्याला दहा-बारा वर्षं झाली. पगारासाठी 'शालार्थ' आलं. २०१५ मध्ये 'सरल' आलं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची, शिक्षकाची आणि शाळेची ऑनलाइन नोंद. नाव सरल, पण ज्याने मे महिन्यात त्यात माहिती भरली त्याला नावातला विनोद कळला. केंद्राचं यू-डायस होतंच, त्याचं यू-डायस प्लस झालं, आणि आता तेही विद्यार्थीनिहाय. त्यात मुलाचा 'पेन' क्रमांक, शिवाय 'अपार' आयडी, त्यासाठी पालकांचं संमतीपत्र. शिष्यवृत्त्यांची पोर्टलं वेगळी. आठवीपर्यंतच्या मुलांच्या पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी. दहावीचे फॉर्म, अंतर्गत गुण वेगळे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा आणि ओटीपी मात्र मुख्याध्यापकांच्या एकाच मोबाइलवर, जे त्या वेळी नेमके तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात.

एक इंजिनिअर म्हणून मला यातली एक गोष्ट फार टोचते. आपण याला ऑटोमेशन म्हणतो. अहो, हे ऑटोमेशन नाही! ऑटोमेशनमध्ये माणसाचं काम यंत्र करतं. इथे वरच्या कार्यालयाचं काम खालच्या माणसाने करायचं, एवढंच झालंय. पूर्वी शाळा कागदावर तक्ता पाठवायची, आणि गट शिक्षणाधिकारी कार्यालयात कोणीतरी तो एकत्र करायचं. आता वरच्या कार्यालयाला एका क्लिकवर बेरीज मिळते, डॅशबोर्डवर हिरवा-लाल रंग दिसतो, साहेब खूश. पण मुलाच्या आधारवरचं 'पाटील सुरज संजय' आणि रजिस्टरमधलं 'पाटील सूरज संजयराव' हे एकच आहेत की नाहीत, हे ठरवायला लागणारं डोकं आणि वेळ, तो कुठे गेला? तो खाली, शाळेत साचला. सिस्टिम डिझाइन करताना कोणीही "ही माहिती भरणार कोण आणि त्याचे तास कोणाच्या खात्यात?" हा प्रश्न विचारलेला दिसत नाही. आपल्याकडे असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आलं तर आर्किटेक्ट पहिल्या मीटिंगमध्ये परत पाठवेल.

माझी मावशी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवते. मागच्या दिवाळीत मी तिला हौसेने म्हटलं, "मावशी, तुला एक छान मॅक्रो लिहून देतो, नावं आपोआप जुळतील." ती म्हणाली, "अरे, मॅक्रो राहू दे. नववी ब ला वर्गसमीकरणं शिकवायला एखादा माणूस असेल तर दे." तिच्या शाळेत क्लार्कचं पद मंजूर आहे. भरलेलं नाही.

चला, थोडं गणित करू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत चाळीस मुलं. झाली ४८० मुलं. एका मुलामागे सगळ्या पोर्टलवरची माहिती, आधारची जुळवाजुळव, शिष्यवृत्ती, परीक्षेचा फॉर्म, बोनाफाईड, दाखला असं सगळं मिळून वर्षात फक्त अर्धा तास धरा. शालेय सर्व्हरच्या सवयी बघता हे फारच उदार आहे. तरी २४० तास झाले. चाळीस मिनिटांची तासिका धरली तर ३६० तासिका. शिक्षकाला आठवड्याला तीस तासिका असतील, तर एका शिक्षकाचं बारा आठवड्यांचं शिकवणं. तीन महिने! आणि यात पगारबिलं, सेवापुस्तकं, रजेचा हिशोब, निवृत्तीची प्रकरणं, लेखापरीक्षण, माहिती अधिकाराचे अर्ज, आणि "ही माहिती आज दुपारी चारपर्यंत अत्यंत तातडीने पाठवावी" हे व्हॉट्सॲपवरचे निरोप धरलेलेच नाहीत.

आता पैशाचं बोलू, कारण "सरकारकडे पैसा नाही" हा शेवटचा बाण असतोच. सातव्या वेतन आयोगाच्या राज्याच्या तक्त्यात कनिष्ठ लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं ३८,६०० पासून (सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात, तो वेगळा लेख होईल). म्हणजे एकोणीस हजारांचं काम आपण अडतीस हजारांच्या माणसाकडून करून घेतोय, तेही वाईट करून घेतोय, आणि त्या वेळात त्याचं जे खरं काम होतं ते कोणीच करत नाहीये. याला बचत म्हणतात? तुमच्या कंपनीत सीनियर डेव्हलपरला दिवसभर प्रवासखर्चाची बिलं टाइप करायला बसवलं तर क्लायंट टाइमशीट बघून पहिला प्रश्न काय विचारेल? आपल्याकडे ॲडमिन असतात, एचआर असतात, फॅसिलिटीवाले असतात, लॅपटॉप बिघडला तर तिकीट टाकायला आयटी सपोर्ट असतो. ते 'बिलेबल' नाहीत म्हणून कोणी काढून टाकत नाही, कारण त्यांच्यामुळेच बाकीचे बिलेबल राहतात. एवढी साधी गोष्ट आपल्याला ऑफिसात कळते आणि शाळेच्या फाटकाशी आल्यावर कळेनाशी होते.

कायद्याचंही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. उत्तम. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीत काय हवं ते लिहिलंय, त्यात एक खोली आहे : कार्यालय, कोठार आणि मुख्याध्यापकांची खोली, तिन्ही एकातच. म्हणजे कायद्याने कार्यालयाला एक तृतीयांश खोली दिली. कार्यालयात बसायला माणूस मात्र परिशिष्टात कुठेच नाही. आणि हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीला तर तेवढाही आधार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. याद्या झाल्या, छान झालं. पण एखाद्या कामापुढे 'शैक्षणिक' लिहा की 'अशैक्षणिक', ते करायला दुसरा माणूस दिला नाही तर यादीचा उपयोग काय?

आणि आता तो मघाचा मुद्दा, शाळाच जाण्याचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण डेडलॉक शिकलो होतो. तो इथे जिवंत बघायला मिळतो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं. संचमान्यता पटावरून होते. २०२२-२३ पासून त्यात आधार वैध असलेलीच मुलं मोजायची हा आग्रह सुरू झाला. म्हणजे वर्गात मूल रोज बसतं, डबा खातं, कविता पाठ म्हणतं, पण नावाची वेलांटी जुळली नाही तर ते मोजणीत नाही. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाची ऑनलाइन बदली जुन्या शाळेने मान्य केली नाही तरी तेच. हे सगळं निस्तरणारा माणूस कोण? क्लार्क. तो नसला की मोजणीत मुलं कमी दिसतात. मुलं कमी दिसली की शिक्षकाचं पद धोक्यात, आणि पटाच्या टप्प्यावर बांधलेलं क्लार्कचं पदसुद्धा. क्लार्क नाही म्हणून पट नाही, पट नाही म्हणून क्लार्क नाही. यात सगळ्यात आधी कोण पडतं? शहरातली मोठी, तीन हजार मुलांची, दोन-तीन लिपिक असलेली शाळा नाही पडत. ऊसतोड्यांची, वीटभट्टीवरची, सतत गाव बदलणारी मुलं जिथे येतात ती शाळा पडते. ज्यांचे कागद मुळातच अर्धवट, त्यांच्याच शाळेत कागद बघणारा माणूस नाही.

आता माझ्या मित्रांच्या ठरलेल्या शंका.

"क्लार्क लोक कामच कुठे करतात? दाखल्यासाठी चार चकरा मारायला लावतात." मारायला लावतात, मान्य. पण डॉक्टर उद्धट आहे म्हणून आपण दवाखान्याची पदं रद्द करत नाही. कामचुकार माणसाला जाब विचारता येतो. रिकाम्या खुर्चीला कोण विचारणार?

"संस्थाचालक आपल्या भाच्या-पुतण्यांना चिकटवतात, वर लाखो रुपये घेतात." हा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागातला बनावट शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला, तो काही कोणी कल्पनेने रचलेला नव्हता. पण याचं उत्तर भरतीची पद्धत बदलणं हे आहे, पद उडवणं हे नाही. शिक्षकांसाठी २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आणलंच ना? त्यातही कटकटी आहेत, पण निदान गुणांची यादी लागते. लिपिकांसाठीही तशीच राज्यस्तरीय परीक्षा घ्या. मराठी-इंग्रजी टायपिंग, हिशोब, आणि एका गोंधळलेल्या रजिस्टरवरून बिनचूक दाखला तयार करणं असा पेपर काढा. मी स्वतः तपासायला येतो.

"मग आउटसोर्स करा की, आपल्यासारखं." ही आपली आवडती गोळी. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदं बाह्य संस्थांमार्फत भरायचा निर्णय निघाला होता, आणि लोक रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. शाळेपुरतं बोलायचं तर अडचण वेगळीच आहे. जनरल रजिस्टर हा कायम जपायचा दस्तऐवज आहे. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या, दर वर्षी बदलणाऱ्या माणसाच्या हातात तो द्यायचा? उद्या एखाद्या पानावर जातीच्या रकान्यात नवी शाई दिसली तर जबाबदार कोण, एजन्सीचा कॉल सेंटर नंबर?

"छोट्या शाळेत काम तरी किती असतं?" मुलांच्या संख्येने थोडं कमी असतं, कागदांच्या प्रकारांनी तेवढंच असतं. मुलं शंभर असली तरी यू-डायस भरावंच लागतं, पगारबिल दर महिन्याला द्यावंच लागतं, लेखापरीक्षण होतंच. आपल्या भाषेत सांगायचं तर ही फिक्स्ड कॉस्ट आहे आणि सरकार ती पर-यूजर रेटने मोजतंय.

मग मागायचं काय? नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून चार सरळ मागण्या लिहितो.

एक, पट कितीही असो, प्रत्येक अनुदानित माध्यमिक शाळेत एक पूर्णवेळ, नियमित वेतनाचा लिपिक. हे पद पटाच्या टप्प्यांतून बाहेर काढा. त्याच्यावरची पदं खुशाल संख्येवर ठरवा.

दोन, निवृत्तीची तारीख काही अचानक उगवत नाही, ती माणूस नोकरीला लागतो त्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेली असते. तेव्हा भरतीची प्रक्रिया सहा महिने आधी सुरू व्हावी आणि जुन्याने नव्याला महिनाभर रजिस्टरं समजावून द्यावीत. आपल्याकडे याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात आणि त्याशिवाय कोणाला रिलीज करत नाहीत.

तीन, वेतनेतर अनुदान. वीजबिल, स्टेशनरी, दुरुस्ती यासाठी शाळेला मिळणारा हा पैसा मधली काही वर्षं बंदच होता, २०१३ मध्ये पाच टक्के दराने पुन्हा सुरू झाला. त्यात इंटरनेट, प्रिंटरची शाई, संगणकाची दुरुस्ती कुठून बसणार? सरकारला ऑनलाइन माहिती हवी तर लाइनचे पैसेही सरकारनेच द्यावेत. आज ते मुख्याध्यापकांच्या खिशातून किंवा शिक्षकांच्या मोबाइलच्या डेटामधून जातात.

चार, आणि ही मागणी आपल्या व्यवसायाशी संबंधित. नवीन पोर्टल सुरू करणाऱ्या प्रत्येक विभागाने आधी लिहून द्यावं की ही माहिती भरायला एका शाळेला वर्षाला किती तास लागतील आणि ते तास कोणाचे. आणि जी माहिती एका पोर्टलवर आहे ती दुसऱ्याने शाळेकडे पुन्हा मागायची नाही, आपापसांत घ्यायची. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, हे तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आमची मुलं (झाली तर) सीबीएसईच्या, आयसीएसईच्या शाळेत जाणार, तिथे फ्रंट ऑफिसला हसतमुख मॅडम बसलेल्या असतात. बरोबर. त्या मॅडम म्हणजेच क्लार्क! तुम्ही फी भरता त्यात त्यांचा पगार आहे, आणि तो द्यायला तुम्ही कधी कुरकुर केलेली नाही. जी गोष्ट आपण आपल्या मुलासाठी विनातक्रार विकत घेतो, ती दुसऱ्याच्या मुलासाठी करातून द्यायची म्हटलं की लगेच आपल्याला 'सगळं ऑनलाइन' आठवतं. हा दुटप्पीपणा मला झेपत नाही.

दर वर्षी कंपनीच्या सीएसआरमधून आपण एखाद्या शाळेला संगणक देतो, फीत कापतो, ग्रुप फोटो काढतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा फोटोच्या आधी ऑफिसच्या खोलीत डोकवा आणि एकच प्रश्न विचारा : इथल्या लिपिकाचं पद भरलेलं आहे का, नसेल तर कधीपासून रिकामं आहे? उत्तर लिहून घ्या. मग आमदार मतं मागायला येतील तेव्हा त्यांना शाळेच्या नावासकट ते ऐकवा. शिक्षक आमदारही असतात आपल्याकडे विधान परिषदेत, त्यांनाही ऐकवा. संगणक द्यायला खूप जण आहेत. त्याच्यासमोर बसायला माणूस देणं हे मात्र सरकारचंच काम आहे, ते सीएसआरने होणार नाही.

असो. मावशीचा फोन येतोय. बहुतेक पुन्हा ओटीपी आला नाही.